सभा उठली, म्हणजे संपली का?

‘अधिवेशनाचे सूप वाजले’ हा मथळा मराठी वाचकाच्या चांगलाच ओळखीचा आहे. बातमीच्या आत शिरले की मात्र गोंधळ सुरू होतो. पहिल्या परिच्छेदात सभागृह ‘बेमुदत तहकूब’ झालेले असते, दुसऱ्यात अधिवेशन ‘संस्थगित’ झालेले असते आणि उपसंपादक घाईत असला तर तिसऱ्यात ते नुसतेच ‘स्थगित’ होऊन जाते. वाचणारा तिन्हींचा एकच अर्थ घेतो, की आमदार आपापल्या गावी गेले. चहाच्या टपरीवरच्या चर्चेला तेवढा अर्थ पुरतो. न्यायालयात, राजभवनात आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत तो पुरत नाही. तिथे यातला नेमका कोणता शब्द उच्चारला गेला आणि तो कोणी उच्चारला, यावर विधेयके टिकली आहेत, अध्यादेश निघाले आहेत आणि मंत्रिमंडळे अडचणीत आली आहेत.

हे पुस्तक सभा संपवण्याच्या कायद्याविषयी आहे. सभा बोलावण्याच्या कायद्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. नोटीस किती दिवसांची, विषयपत्रिका कशी, गणपूर्ती किती, हे सगळे सहकारी संस्थांच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडते. शेवटाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. अध्यक्ष उठले, आभार मानले गेले, चहा आला, की सचिवही वही मिटतो. इतिवृत्तातली शेवटची ओळ बहुधा दुसऱ्या दिवशी आठवेल तशी लिहिली जाते. माझ्या मते सभेच्या कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्याच ओळीत दडलेला असतो: ही सभा पुन्हा भरवायची झाली तर बोलावणार कोण?

‘बेमुदत तहकूब’ या शब्दप्रयोगाचा सगळा कायदेशीर अर्थ या प्रश्नाभोवती फिरतो. मूळ लॅटिन संज्ञा ‘साइन डाय’, म्हणजे पुढचा दिवस न नेमता. जुन्या इंग्रजी न्यायालयांत निर्दोष सुटलेल्या माणसाला न्यायाधीश दिवस न नेमता जाऊ देत, आणि तिथे त्याची खरोखरच सुटका होई. सभागृहांनी ती संज्ञा उचलली आणि तिचा रोख बदलला. सभागृह दिवस न नेमता उठते तेव्हा त्याची सुटका होत नाही. ते फक्त थांबलेले असते आणि ज्याने थांबवले त्याच्याच हातात ते पुन्हा सुरू करण्याची चावी असते.

लोकसभेच्या कामकाज नियमांतला १५ वा नियम हेच सांगतो. बैठक केव्हा तहकूब करायची, ठरावीक दिवसापर्यंत, त्याच दिवसाच्या ठरावीक तासापर्यंत की बेमुदत, हे अध्यक्षांनी ठरवायचे. आणि बेमुदत तहकूब केल्यानंतरही त्यांना योग्य वाटले तर ते सभागृहाची बैठक पुन्हा बोलावू शकतात. राज्यांच्या विधानसभांचे नियम याच वळणाचे आहेत. संस्थगिती ही निराळी गोष्ट. संविधानाच्या अनुच्छेद ८५ प्रमाणे संसदेचे अधिवेशन राष्ट्रपती बोलावतात आणि तेच संस्थगित करतात. राज्यात अनुच्छेद १७४ प्रमाणे हे काम राज्यपाल करतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. संस्थगितीने अधिवेशन संपते. तिसरी पायरी विसर्जनाची, जी लोकसभेला आणि विधानसभेला लागू आहे, राज्यसभेला आणि विधान परिषदेला नाही. विसर्जनाने सभागृहच संपते आणि माणसे बदलतात. थोडक्यात, तहकुबी पीठासीन अधिकाऱ्याची, संस्थगिती आणि विसर्जन राष्ट्रपतींचे किंवा राज्यपालांचे. एवढे पक्के डोक्यात ठेवले की पुढच्या साऱ्या भांडणांचा उलगडा होतो.

भांडणे मात्र खूप झाली. त्यातले सर्वांत नाट्यमय कोलकात्याचे. १९६७ च्या नोव्हेंबरात पश्चिम बंगालचे राज्यपाल धर्मवीर यांनी अजय मुखर्जींचे संयुक्त आघाडीचे मंत्रिमंडळ बडतर्फ केले आणि प्रफुल्लचंद्र घोष यांना मुख्यमंत्री केले. २९ नोव्हेंबरला विधानसभा भरली. घोष यांनी बहुमत सिद्ध करावे ही सगळ्यांची अपेक्षा होती. विधानसभेचे अध्यक्ष विजयकुमार बॅनर्जी आसनावर बसले आणि त्यांनी निर्णय दिला, की जुने मंत्रिमंडळ बडतर्फ करणे, नवे नेमणे आणि त्या नव्याच्या सल्ल्याने हे सभागृह बोलावणे, सगळेच घटनाबाह्य आहे. असे म्हणून त्यांनी सभागृह बेमुदत तहकूब केले. मतदान नाही, चर्चा नाही. नव्या मुख्यमंत्र्यांना आपले बहुमत आहे की नाही हे दाखवायलाही जागा उरली नाही.

राज्यपालांनी अधिवेशन संस्थगित केले आणि १४ फेब्रुवारी १९६८ ला नव्याने बोलावले. अध्यक्षांनी पुन्हा तेच केले. आठवड्याच्या आत, २० फेब्रुवारीला, राज्यात राष्ट्रपती राजवट आली. बॅनर्जी बरोबर होते की चूक, यावर घटनातज्ज्ञांत तेव्हाही दोन तट होते. माझे मत स्पष्ट आहे. मंत्रिमंडळाची नेमणूक वैध आहे का हे ठरवणे अध्यक्षांचे काम नव्हते आणि सभागृहाला मत देऊ न देता त्यांनी सभागृहाचाच हक्क हिरावून घेतला. पण राज्यपालांनी आधी केलेली घाईही सोज्वळ नव्हती. तहकुबीचा अधिकार हा कामकाज नीट चालावे म्हणून दिलेला असतो. तो कामकाजच होऊ नये म्हणून वापरला की घटनेची घडी विस्कटते, मग वापरणाऱ्याचा हेतू कितीही उदात्त असो.

कोलकात्याचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच चंडीगडमध्ये तसाच प्रसंग उभा राहिला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ मार्च १९६८ ला पंजाब विधानसभेचे अध्यक्ष जोगिंदर सिंग मान यांनी अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या ऐन मध्यावर सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केले. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपणार होते. विनियोजन विधेयक मंजूर झाले नाही तर १ एप्रिलपासून राज्याच्या तिजोरीतून पैसा काढता आला नसता. राज्यपाल डी. सी. पावटे यांनी ११ मार्चला अधिवेशन संस्थगित केले आणि १३ तारखेला एक अध्यादेश काढला, की आर्थिक कामकाज शिल्लक असताना सभागृहाच्या संमतीशिवाय तहकुबी करता येणार नाही. मग १८ मार्चला सभागृह पुन्हा बोलावले. अध्यक्षांनी सांगितले, माझी दोन महिन्यांची तहकुबी अजून चालू आहे, आणि ते निघून गेले. उपाध्यक्षांनी आसन घेतले आणि विधेयके मंजूर करून घेतली. उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो निकाल फिरवला. संस्थगितीने जुने अधिवेशन संपले होते. त्यामुळे त्या अधिवेशनातली तहकुबीही त्याच्याबरोबर संपली आणि नव्या अधिवेशनाला ती लागू होऊच शकत नव्हती. सत्यपाल डांग खटला म्हणून हा निकाल ओळखला जातो. तहकुबी ही अधिवेशनाच्या पोटातली गोष्ट आहे, पोट गेले की तीही जाते, इतका साधा तर्क होता. पण तो मांडला जाईपर्यंत एका राज्याचा अर्थसंकल्प टांगणीला लागला होता.

याच सूत्राची उलटी बाजू आपल्याकडच्या एका खासदाराने तपासून पाहिली. तेराव्या लोकसभेचे हिवाळी अधिवेशन २३ डिसेंबर २००३ ला बेमुदत तहकूब झाले, पण राष्ट्रपतींनी ते संस्थगित केले नव्हते. पुढच्या महिन्यात सूचना निघाली, की लोकसभा २९ जानेवारी २००४ ला पुन्हा बसेल. अध्यक्ष होते मनोहर जोशी. पंढरपूरचे तेव्हाचे खासदार रामदास आठवले यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राष्ट्रपतींचे अभिभाषण झाले पाहिजे असे अनुच्छेद ८७ म्हणतो. २००४ सालातली ही पहिली बैठक, तरी अभिभाषण नाही, म्हणजे हे सगळे अवैध, असा त्यांचा युक्तिवाद होता. वरवर पाहता बिनतोड. घटनापीठाने मार्च २०१० मध्ये तो फेटाळला. जानेवारीतली बैठक हे नवे अधिवेशन नव्हते, डिसेंबरात थांबलेल्या अधिवेशनाचाच तो दुसरा भाग होता. कॅलेंडर बदलले म्हणून अधिवेशन बदलत नाही, ते संस्थगितीने बदलते. निकाल लागेपर्यंत ती लोकसभा विसर्जित होऊन सहा वर्षे झाली होती, त्यामुळे त्याचा व्यावहारिक परिणाम शून्य. तत्त्व म्हणून मात्र तो पुढे फार कामाला आला.

तो कामाला आला २०२३ मध्ये, पुन्हा पंजाबातच. विधानसभेचे अर्थसंकल्पी अधिवेशन ३ मार्चला सुरू झाले आणि २२ मार्चला बेमुदत तहकूब झाले. संस्थगितीची शिफारस सरकारने राज्यपालांकडे पाठवलीच नाही. १९ आणि २० जूनला अध्यक्षांनी सभागृह पुन्हा बसवले आणि चार विधेयके मंजूर झाली. त्यातल्या एकात राज्य विद्यापीठांचे कुलपतिपद राज्यपालांकडून काढून घेतले होते. राज्यपाल बनवारीलाल पुरोहित यांनी या बैठकीच्या वैधतेवरच शंका घेऊन विधेयके रोखून धरली. १० नोव्हेंबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. बेमुदत तहकूब म्हणजे संस्थगित नव्हे, अध्यक्षांना बैठक पुन्हा बोलावण्याचा अधिकार होता, बैठक वैध होती, आणि अधिवेशनाच्या वैधतेचा मुद्दा काढून राज्यपालांना विधेयकांवर बसून राहता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने सरकारलाही टोचले आहे. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी अधिवेशने वेगळी ठेवण्याची जी संसदीय रीत आहे, तिला बगल देऊन एकच अधिवेशन वर्षभर ताणू नये, असे ते म्हणाले. बातम्यांत राज्यपालांना बसलेला फटका मोठ्या टाइपात आला आणि हा दुसरा भाग आतल्या पानावर गेला.

अधिवेशन ताणण्यात सरकारला रस का असावा? कारण ते संस्थगित झाले, की नव्याने बोलावायला राज्यपालांची सही लागते. राजस्थानात २०२० च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांना अधिवेशन हवे होते आणि राज्यपाल कलराज मिश्र मंत्रिमंडळाचा प्रस्ताव प्रश्न विचारून परत पाठवत होते. शेवटी २१ दिवसांच्या सूचनेचा मुद्दा मान्य करून अधिवेशन १४ ऑगस्टला भरले. ज्या राज्यात राजभवन आणि सचिवालय यांचे पटत नाही, तिथले सरकार नुसत्या तहकुबीवर थांबण्याचा मोह टाळेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण आपली रीत वेगळी आहे. शेवटच्या दिवशी पीठासीन अधिकारी पुढील अधिवेशन अमुक तारखेला, मुंबईत की नागपुरात, हे जाहीर करतात आणि राज्यपालांचा संस्थगितीचा आदेश वाचून दाखवतात. तारीख आणि शहर दोन्ही आधीच सांगण्याची ही पद्धत मला आवडते. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याचे बंधन आले आणि विदर्भातल्या आमदारांचा कान त्या घोषणेकडे लागू लागला. घोषणा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नसते, हेही करोनाकाळात दिसले. २०२० चे पावसाळी अधिवेशन २२ जूनला भरणार होते. ते आधी ऑगस्टवर आणि मग सप्टेंबरवर गेले आणि अखेर दोन दिवसांत उरकले. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईतच झाले. दिल्लीत शेवटच्या दिवसाला वेगळे वळण १९९२ पासून मिळाले. मुंबईचे तेव्हाचे खासदार राम नाईक यांच्या पाठपुराव्याने अधिवेशनाच्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ची प्रथा पडली आणि त्यानंतर सभागृह बेमुदत तहकूब होते.

अधिवेशन संपल्याने काय जाते आणि काय राहते, हा प्रश्न पुस्तकाच्या दुसऱ्या भागात तपशिलाने घेतला आहे. इथे ठळक गोष्टी तेवढ्या सांगतो. इंग्लंडच्या पार्लमेंटात संस्थगितीबरोबर अर्धवट राहिलेली विधेयके, विशेष ठराव करून पुढे नेली नसतील तर, मरतात. आपल्या घटनाकारांनी ही रीत घेतली नाही. अनुच्छेद १०७ आणि १९६ प्रमाणे संस्थगितीने विधेयक व्यपगत होत नाही. लोकसभेच्या विसर्जनाने मात्र तिथे अडकलेले विधेयक जाते. सदस्यांनी दिलेल्या सूचनांचे नशीब याहून वाईट: लोकसभेत संस्थगिती होताच, विधेयक मांडण्याची परवानगी मागणाऱ्या सूचना वगळता, बाकी सगळ्या प्रलंबित सूचना रद्द होतात आणि पुढच्या अधिवेशनासाठी नव्याने द्याव्या लागतात. नुसत्या तहकुबीने त्या जिवंत राहतात.

अध्यादेशाचे गणित तर पूर्णपणे यावर बेतलेले आहे. दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू असताना अध्यादेश काढता येत नाही. एक जरी संस्थगित असले तरी काढता येतो. २०१५ च्या मार्चमध्ये भूमी अधिग्रहणाचा अध्यादेश संपत आला होता आणि त्याचे विधेयक राज्यसभेत पार होण्याची चिन्हे नव्हती. अर्थसंकल्पी अधिवेशन मध्यंतरासाठी थांबले होते, पण संपले नव्हते. सरकारने २८ मार्चला एकट्या राज्यसभेचे अधिवेशन संस्थगित करवून घेतले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अध्यादेश पुन्हा निघाला. घटनेच्या अक्षराला धक्का लागला नाही. वरच्या सभागृहाचा नकार टाळण्यासाठी त्याचेच दार लावून घेण्यात कितपत शहाणपण होते, हा प्रश्न विरोधकांनी तेव्हा विचारला आणि तो रास्त होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण १२ आमदारांचे. ५ जुलै २०२१ ला, दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित करण्यात आले. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी झालेल्या वर्तनाचा तो प्रसंग. २८ जानेवारी २०२२ ला न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या पीठाने ठरवले, की अशा निलंबनाची कमाल मर्यादा चालू अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत. त्यापलीकडचा ठराव अवैध. आता हे लक्षात घ्या, की ते अधिवेशन दुसऱ्याच दिवशी संपले होते. ते संस्थगित न करता नुसते तहकूब ठेवले असते, तर ‘चालू अधिवेशन’ केव्हापर्यंत चालू धरायचे हा नवाच वाद उभा राहिला असता. शेवटच्या दिवशी कोणता आदेश वाचला जातो याला किती वजन आहे, हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

सहा महिन्यांची अट हाही असाच नाजूक काटा. दोन अधिवेशनांच्या मध्ये सहा महिने जाता कामा नयेत, आणि हे सहा महिने संस्थगितीच्या तारखेपासून मोजत नाहीत, शेवटच्या बैठकीपासून मोजतात. हरियाणाची विधानसभा १३ मार्च २०२४ ला बसली होती. निवडणुका जाहीर झाल्या होत्या आणि मतदान ऑक्टोबरात होते, तरी मुदत चुकू नये म्हणून १२ सप्टेंबरला विधानसभाच विसर्जित करावी लागली. अधिवेशन बोलावण्यापेक्षा सभागृह विसर्जित करणे सोयीचे वाटावे, यातच काय ते आले.

इंग्लंडचा इतिहास या पुस्तकात फार नाही, पण दोन प्रसंग टाळता आले नाहीत. पहिला २ मार्च १६२९ चा. पहिल्या चार्ल्स राजाच्या हुकमाने स्पीकर जॉन फिंच सभा तहकूब करून उठू लागले, तेव्हा डेन्झिल होलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या सदस्यांनी त्यांना खुर्चीत दाबून धरले आणि आपले ठराव वाचून घेतले. स्पीकर उठला की सभा संपते, मग त्याला उठूच द्यायचे नाही! आठवड्याभरात राजाने पार्लमेंट विसर्जित केले आणि पुढची अकरा वर्षे बोलावलेच नाही. दुसरा प्रसंग अगदी अलीकडचा. २०१९ च्या सप्टेंबरात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने पार्लमेंट पाच आठवड्यांसाठी संस्थगित झाले, ब्रेक्झिटची मुदत तोंडावर असताना. २४ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की ही संस्थगिती बेकायदा आहे आणि म्हणून ती झालीच नाही असे समजावे. दुसऱ्या दिवशी खासदार येऊन बसले आणि काम पुढे सुरू झाले. कामकाजाच्या नोंदीत संस्थगितीच्या जागी तहकुबी आली.

इथून पुढे पुस्तक विधिमंडळातून खाली उतरते आणि मला स्वतःला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांचा विधानसभेशी संबंध पाच वर्षांतून एकदा येतो. सोसायटीच्या सभेशी दरवर्षी.

महापालिकांत तहकुबीची कला फार पुढे गेली आहे. मुंबईत ‘झटपट सभा तहकुबी’ हे विरोधकांचे अधिकृत हत्यार आहे. पुण्यासारख्या ठिकाणी एका महिन्याची सभा तहकूब होऊन पुढच्या महिन्यात जाते, ती पुन्हा तहकूब होते आणि एकाच दिवशी लागोपाठ दोन-तीन महिन्यांच्या तहकूब सभा उरकल्या जातात. दुखवट्याचा ठराव करून सभा तहकूब करण्याची प्रथाही जुनी. थोर व्यक्तीला आदरांजली वाहणे योग्यच. पण अडचणीचा विषय पत्रिकेवर असला की श्रद्धांजलीची तत्परता वाढते, हे पत्रकारांच्या कक्षात बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तहकुबी होते तेव्हा विषय नामंजूर होत नाही, मंजूरही होत नाही आणि कोणाचे मत नोंदले जात नाही. राजकारण्याला यापेक्षा सोयीचे काय असेल?

ग्रामसभेचे दुखणे निराळे आहे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. ते जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब ग्रामसभेला गणपूर्तीची गरज नसते. मग चार-दोन टाळकी बसून गावचा आराखडा मंजूर होतो. कायद्याचा हेतू चांगला होता, की लोक आले नाहीत म्हणून गावाचे काम अडू नये. पण या तरतुदीमुळे पहिली सभा फसावी असेच काहींना वाटू लागते. तिच्यावर एक लगाम आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो: तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. आयत्या वेळचा नवा विषय तिथे घुसवला तर त्याला आक्षेप घेता येतो आणि घ्यावा.

गृहनिर्माण संस्थांच्या नोटिशीखाली एक टीप ठरलेली असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ही टीप इतकी अंगवळणी पडली आहे, की सभासद मूळ वेळेला येतच नाहीत. अर्ध्या तासानंतरची वेळ हीच खरी वेळ धरतात. टीप वैध आहे. पण पहिल्या वेळेला गणपूर्ती नव्हती याची नोंद हजेरीच्या वहीत वेळेसह करणे, अध्यक्षांनी तहकुबी जाहीर करणे आणि अर्ध्या तासाने सभा पुन्हा सुरू झाल्याचे लिहिणे, या तीन गोष्टी झाल्या नाहीत तर पुनर्विकासासारख्या मोठ्या ठरावाला उद्या उपनिबंधकांकडे आव्हान मिळू शकते. अनेक इमारतींचे भांडण विकासक कोण यावर कमी आणि ती सभा कायदेशीर होती का यावर जास्त चाललेले असते.

कंपन्यांसाठी २०१३ च्या कायद्याने हे काटेकोर करून ठेवले आहे. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी. तिथेही अर्ध्या तासात संख्या भरली नाही तर हजर असतील तेच गणपूर्ती. भागधारकांनी मागणी करून बोलावलेली सभा मात्र पहिल्याच वेळी रद्द होते. ज्यांनी मागितली त्यांनीच यायला हवे होते, असा त्यामागचा रोकडा विचार. आणि तहकूब सभेत झालेला ठराव ज्या दिवशी खरोखर झाला त्याच तारखेचा धरला जातो, मूळ सभेच्या तारखेचा नाही.

अध्यक्षाला वाटेल तेव्हा सभा गुंडाळता येते, हा आपल्याकडचा सर्वांत पसरलेला गैरसमज. सभेत विरोध वाढला की अध्यक्ष ‘सभा संपली’ म्हणून फाइल उचलून निघतात आणि मागोमाग दिवे बंद होतात. एखाद्या संस्थेत असे घडलेले बघितले नाही असा सभासद विरळा. इंग्लंडच्या न्यायालयाने १८९४ मध्येच, सायक्स खटल्यात, सांगितले होते की विषय शिल्लक असताना अध्यक्षाला स्वतःच्या मर्जीने सभा संपवता येत नाही. तो निघून गेला तर सभा दुसरा अध्यक्ष निवडून काम पुढे नेऊ शकते. १९६९ च्या जॉन विरुद्ध रीस खटल्यात याला अपवाद जोडला गेला. दंगा झाला आणि काम चालवणे अशक्य झाले तर अध्यक्ष तहकुबी देऊ शकतो, पण ती प्रामाणिक हवी आणि गरजेपुरतीच हवी. आपल्या कंपन्यांच्या नमुना नियमावलीतही गणपूर्ती असलेल्या सभेच्या संमतीनेच तहकुबीची तरतूद आहे. सभा ही सभासदांची असते. अध्यक्ष तिचा चालक असतो, मालक नसतो.

एक गोष्ट या पुस्तकात जाणूनबुजून घेतलेली नाही. न्यायालयातल्या तारखा, दाव्यांच्या तहकुबी, बेमुदत पडून राहिलेली प्रकरणे हा विषय स्वतंत्र आहे आणि त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. घटना समितीचे उदाहरणही वाचकाला नीट मांडलेले मिळेल, पण ते शेवटच्या प्रकरणात आहे. २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी घटनेच्या प्रतींवर सह्या केल्या आणि समिती बेमुदत तहकूब झाली. दोन दिवसांनी तीच सभा हंगामी संसद म्हणून देशाचा कारभार पाहू लागली.

पुस्तकाच्या अखेरीस इतिवृत्ताचे काही नमुने जोडले आहेत: गणपूर्तीअभावी तहकुबी, गोंधळामुळे तहकुबी, विषय शिल्लक ठेवून तहकुबी आणि नियमित समाप्ती. ते जसेच्या तसे उतरवू नका. आधी तुमच्या संस्थेचे उपविधी किंवा नियम उघडा, तहकुबीचे कलम शोधा, आणि पुढच्या सभेला जाताना त्याची प्रत खिशात ठेवा. सभा संपली असे कोणी म्हणाले की हात वर करून विचारा, की कोणत्या कलमाखाली, कोणाच्या संमतीने आणि पुढची तारीख कोणती. उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय चहाला उठू नका.